कुरडयांची जाळी

"कुरडयांसाठी कागद अंथरलेत, बरं केलंत! वरचा पाचोळा तेवढा मी झाडून टाकला," गच्चीत कुंटेकाकू कौतुकाने म्हणाल्या आणि मुलांचं शिबिर घेणाऱ्या शर्वाणीताई कागदांकडे धावल्या. तो पाचोळा मुलांनी सकाळभर वेचला होता. रसायन लावलेल्या, उन्हात निळे होणाऱ्या त्या कागदांवर पाण्यात धुतल्यावर पानांचे पांढरे छाप उमटायचे होते. संध्याकाळी पालकांसाठी प्रदर्शन होतं.

आता प्रत्येक कागदावर अर्धवट वाळलेली कुरडई ऐटीत बसली होती.

कुरडया उचलून ताईंनी रडवेल्या चेहऱ्याने कागद पाण्यात बुडवले. गर्द निळ्यावर पांढरीशुभ्र नाजूक जाळी उमटली! मुलं नाचायलाच लागली.

संध्याकाळी पालक छाप टांगलेल्या भिंतीपुढून हलेनात. काकूंनी मात्र चष्मा सावरत ताईंना कोपऱ्यात गाठलं. "ती तिसरी कुरडई काढा बाई. विस्कटलीय. चार लोकांत शोभा होईल माझी!"