डाव्या बुटावर दोनदा

ऑपरेशननंतर मंदार घैसासने पहिलीच सर्व्हिस मारली आणि त्याचे प्रशिक्षक घोरपडे सर बाकावरून उठले.

"पंधरा–शून्य. एक्केचाळिसाव्या वर्षी असा हात? यंदा तरुण पोरांची धडगत नाही."

हात त्याचाच होता. त्यात भरलेली खेळाची स्मृती दुसऱ्याची होती. दात्याचं नाव सांगायची पद्धत नव्हती. काढून दिलेली स्मृती दात्याकडे उरत नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या सर्व्हिसआधी हाताने आपणहून रॅकेट डाव्या बुटावर दोनदा टेकवली.

मंदार गारठला. ही सवय शाल्मलीची, त्याच्या लेकीची. महिन्यापूर्वी "कंटाळा आला" म्हणून तिने टेनिस सोडलं होतं.

ती जाळीपाशीच उभी होती.

"शालू, तो चेंडू टाक इकडे."

तिने दोन्ही हातांनी, खालून, लहान मूल टाकतं तसा टाकला. चेंडू जाळीत अडकला.

"असं बघू नका ना बाबा. मी शिकेन परत. तुमच्याकडे एवढाच सीझन होता."

मंदारला रॅकेट फेकून द्यायची होती. बोटं मूठ सोडत नव्हती. ती बोटं पुढच्या सर्व्हिसची वाट बघत होती.