चहाआधीची परीक्षा

बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी डोमाजींना बजावलं, की डोक्याच्या नसा सांभाळायच्या तर तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. आणि कुसुमबाईला लकव्याची तीन लक्षणं शिकवली: हसताना तोंड वाकडं होतं, एक हात वर जात नाही, बोलणं अडखळतं. तेव्हापासून रोज सकाळी नवऱ्याची परीक्षा घेतल्याशिवाय ती त्यांच्या हाती चहा देत नसे. सहा महिने डोमाजी रोज पास!

आज ती चहा घेऊन अंगणात आली, तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"अवो, हासा बरं."

डोमाजी हसले, पण तोंड एकाच बाजूला गेलं.

"हात वर करा."

उजवा गेला, डावा मांडीखालून निघेचना.

"काहून? काय होऊन राहिलं तुम्हाले?"

डोमाजी काहीतरी बोलले, पण शब्द तोंडातच घोळले.

कप तिथंच टाकून तिनं ऑटो थांबवला. गोहलपूरच्या घरापासून नेपियर टाउनच्या दवाखान्यापर्यंत ती त्यांना धरून रडत होती, आणि ते ओठ मिटून नुसती नाही-नाही अशी मान हलवत होते.

डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंडात पाहिलं, डावी मूठ उघडायला लावली आणि हसू दाबत म्हणाले, "अम्मा, तीनों लक्षण आपने एकदम सही पकड़े."



गालात खर्रा होता, आणि मुठीत काल नागपूरहून येऊन गेलेल्या साडूनं दिलेली उरलेली पुडी.