आबांना द्यायचा शब्द

कावळा उंबरावर बसला होता, पण खाली यायचं नाव घेत नव्हता.

इंद्रायणीच्या घाटावर गेणूआबांचा दहावा होता. श्रद्धांजलीची भाषणं उरकली होती. आबांना उभ्या आयुष्यात कधी न भेटलेल्या पुढाऱ्यांनीही माइकवर गळा काढून घेतला होता. आता केळीच्या पानावर पिंड, चार जिलेब्या आणि विडीचं बंडल तेवढं उन्हात उरलं होतं, आणि सगळं गाव माना वर करून एका पाखराकडे बघत होतं.

धाकट्या केरबानं मुंडण केलं होतं, पिंडही त्यानंच ठेवला होता. खरं तर हा मान थोरल्या हनुमंताचा. पण हनुमंत लोणावळ्याला नोकरीला गेला तो तिथल्या चर्चमध्ये जाऊ लागला आणि पुढं ख्रिस्ती झाला. तो क्रियेला बसला नाही. बाप गेल्यावर घाटावरच यायचं नाही, इतका मात्र तो दगड नव्हता. करंजाच्या सावलीत एकटाच उभा होता.

केरबानं हात जोडले. "आबा, आईला काय कमी पडू देनार न्हाई."

कावळा हलला नाही.

"विहिरीचा गाळ औंदा नक्की काढतो."

कावळ्यानं चोचीनं पिसं साफ केली. मग एकेक सोयरा पुढं होऊन काही ना काही कबूल करू लागला. जावयानं तर सगळ्यांदेखत दारू सोडली. तेही आबांना पटलेलं दिसलं नाही.

शेवटी माणसं करंजाकडं बघू लागली. आबांचा जीव कशात अडकलाय हे मुळात सगळ्यांनाच ठाऊक होतं. देव्हाऱ्यातले देवांचे चांदीचे टाक त्या घरात थोरल्याकडं जायचे. हनुमंतानं ते नेले नव्हते, आणि आबांनी अंथरूण धरल्यापासून तेवढा एकच धोशा लावला होता.

चुलते रखमाजी हनुमंताजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "हनमा, येकदा म्हन. टाक घरी नेतो, पूजा करतो, येवढंच."

"मी नेनार न्हाई, तात्या."

"नको नेऊस. नुसतं म्हन. तुझ्या लेखी ते पाखरूच हाय ना? मग पाखरापुढं खोटं बोललं तर तुझं काय जातंय?"

तात्यांचं म्हणणं बिनतोड होतं. समोर आई उन्हात उभी होती. तिच्या कपाळाचं कुंकू पुसलेलं होतं, ओठ पुटपुटत होते, आणि नजर कावळ्यावरून हटत नव्हती. एक वाक्य बोललं असतं तर ती सावलीला जाऊन बसली असती.

"पाखरू न्हाई ऐकत, तात्या," तो म्हणाला. "पर देव ऐकतो. आन् आबांना मी जितेपनी कदी फशिवलं न्हाई."

तरी तो पुढं गेला. माणसं बाजूला सरकली. पिंडासमोर उभं राहून त्यानं घसा खाकरला.

"आबा, आईला मी शेवटपर्यंत जपीन. केरबाशी कदी भांडनार न्हाई. त्याच्यापल्याड मला कबूल करता येत न्हाई. माफ करा मला."

आणि तो रडला. आबा गेले त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास रोखला. कावळा नदी ओलांडून पलीकडच्या बंगल्यांच्या मागं दिसेनासा झाला.

"पोटच्या पोरानं बापाला लटकत ठिवला," मागून कुणीतरी म्हणालं. त्याला कुणी गप्प केलं नाही.

मग भटजींनी रीतीप्रमाणं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि शिवला असं जाहीर केलं. लोकांनी सुस्कारे सोडले. पलीकडे मांडवात पानं वाढायला घेतली होती. घाट रिकामा झाला. हनुमंताला जेवायला चल म्हणून कुणी म्हटलं नाही.

आई मात्र पायरीवर बसून राहिली. तो तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला.

"रागावलीस?"

"न्हाई." तिनं पदरानं त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. "तू खोटं बोलत न्हाईस, म्हून तुलाच इचारते. तू म्हनतोस ना, देवानं तुमच्यासाठी वर वतन राखून ठिवलंय? कवा सरत न्हाई, कुनाला हिसकून घेता येत न्हाई?"

"व्हय, आई."

"मला बी चल म्हनतोस तितं."

"व्हय. किती येळा म्हनलो."

"तितं तुझं आबा असतील का रं?"

हनुमंतानं तिच्याकडं पाहिलं. आताही एकच शब्द पुरला असता. तो ओठांपर्यंत आलाही होता.

"मला ठावं न्हाई, आई," तो म्हणाला. "ते देवाच्या हातात."

आई कितीतरी वेळ मान हलवत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. काही जड उचलून बघावं आणि आपल्याला झेपणार नाही म्हणून परत खाली ठेवावं, तशी ती दिसत होती.

"मग मी न्हाई यायची, बाबा," ती म्हणाली. "ते एकलं कसं ऱ्हातील? त्यांना साधा चा बी करून घेता येत न्हाई."