रजयांच्या मागे

"आई गेली, वहिनी," तुरसुनाली फाटकाबाहेरूनच म्हणाला. मास्क हनुवटीवर ओढलेला होता. "कोशोक म्हणायला कोणी नाही. माझ्या बायकोच्या गळ्यात सूर नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. विलापाशिवाय आईला मातीत कसं घालू?"

बुरुलकानच्या विलापाला आसपासच्या गावांत तोड नव्हती. गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य ती चार ओळींत बसवायची, आणि त्या ओळी पुढे नातवंडांच्या तोंडी राहायच्या. स्वतःच्या नवऱ्यासाठी मात्र तिला गाता आलं नव्हतं. मेदेरबेक जुलैच्या सुरुवातीला गेला. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं होतं. त्या महिन्यात सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच लिहीत होते.

मॉस्कोत कामाला गेलेल्या पोरांनी सगळ्या गावासाठी मिळून ऑक्सिजनचं एक यंत्र पाठवलं होतं. ते गावच्या पुढाऱ्याकडे, म्हणजे या तुरसुनालीकडे, उतरलं. मेदेरबेकचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा बुरुलकान त्याच्या दारी धावली होती. त्याने फाटक उघडलंच नाही. आतूनच म्हणाला, "आईला लावलंय. तिच्या नाकातली नळी काढू का, वहिनी? तुम्हीच सांगा."

ती परत फिरली. मेदेरबेक गेला आणि शेजारची म्हातारी श्वास घेत राहिली. बुरुलकानने त्या मायलेकांना कधी क्षमा केली नाही.

"येते," ती आता म्हणाली. "असं गाईन की गाव विसरणार नाही."

"उपकार होतील, वहिनी."

"उपकार कसले? तुझ्यासाठी एवढं तर करायलाच हवं."

तुरसुनालीच्या अंगणात लोकरी नमद्याचा गोल तंबू उभा होता. कोरोनाच्या बंदीमुळे माणसं मोजकीच होती. बाहेर पुरुष कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून, मोठ्याने रडत होते. त्यांच्यात सगळ्यात पुढे तुरसुनाली. तंबूत बायका रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. एका खुंटीला मोबाइल टांगला होता. त्याच्या पडद्यावर मॉस्कोतली गावची पोरं एका खोलीत दाटीवाटीने उभी होती, सगळ्यांत पुढे तुरसुनालीचा धाकटा भाऊ.

बुरुलकान म्हातारीच्या सुनेशेजारी, तुरसुनालीच्या बायकोशेजारी, बसली. ओळी तिने मनात बांधून आणल्या होत्या: आई, तुझ्या छातीत माझ्या माणसाचा श्वास होता. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. ती बोलणार होती.

तिने सूर लावायला श्वास घेतला, तेवढ्यात सून नुरझामाल भिंतीकडे बघतच कुजबुजली, "ताई, राग मानू नका. पण भाऊजी गेले, त्यानंतर तरी यंत्र लगेच पाठवायचंत ना."

"कुठलं यंत्र?"

"ऑक्सिजनचं. हे म्हणाले, तुमच्याकडे दिलंय. सासूबाई धापा टाकत होत्या, तरी मला मागू देत नव्हत्या. म्हणायच्या, राहू दे त्याच्याकडे, त्याची पोरं लहान आहेत. तुम्ही परत केलंत, पण फार उशिरा. आज सकाळी पाहुण्यांसाठी रजयांची चळत उतरवली, तेव्हा मागे खोकं दिसलं."

बुरुलकानने भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

"नुरझामाल, खोक्याची चिकटपट्टी कापलेली होती का?"

"नाही. नवीकोरी..." नुरझामाल बोलता बोलता थांबली.

बाहेर तुरसुनाली छाती फोडून रडत होता. दोघी त्याचं रडणं ऐकत बसल्या.

"दिवसातून दहादा स्वतःचा ताप बघतात," नुरझामाल अगदी हळू म्हणाली. "मला वाटायचं, आईच्या काळजीने."

मेदेरबेकला यंत्र मिळालं नव्हतं. म्हातारीलाही मिळालं नव्हतं. ती मात्र ते शेजारच्या पोराला तरी मिळालं होतं अशा समाधानात गुदमरून गेली होती. बुरुलकानच्या मनातली ओळ विरून गेली. तिने शेजारणीचा हात घट्ट धरला.

"तू म्हण," ती म्हणाली. "सूर मी धरते."

"मी? मला कुठे येतं, ताई?"

"तोंड उघड. बाकीचं मी बघते."

सुनेने घरात आवाज चढवायचा नसतो. नवऱ्याचं नाव तर तिने जन्मात घ्यायचं नसतं. पण विलापाला बसलेल्या बाईला कोणी अडवत नाही. बुरुलकानने खालचा सूर लावला आणि त्यावर नुरझामालचा फाटका, बेसूर आवाज चढला. तंबूत, अंगणात, रस्त्यापर्यंत.

*आई गं, तुझ्यासाठी रजया उतरवल्या,*
*मागे खोकं बंद, पट्ट्या नाही सुटल्या.*
*तुझा श्वास तिथे, मेदेरबेकचा तिथे,*
*तुरसुनालीनं दोन्ही राखले स्वतःपुरते.*

बाहेरचं रडणं एकदम थांबलं.

"बंद करा!" तुरसुनाली ओरडला. "बाईचं डोकं फिरलंय. कोणीतरी बंद करा तिला!"

तो तंबूकडे निघाला. त्याच्या चुलत्याने काठी आडवी धरली. "विलाप मधेच तोडत नाहीत, पोरा. मेलेल्याचा अपमान होतो. तू रड. थोरला आहेस, तुझं रडणं थांबता कामा नये."

तुरसुनाली काठीवर वाकला. तोंडातून आवाज फुटेना.

मग खुंटीवरच्या मोबाइलमधून धाकट्या दिराचा आवाज आला, शांत आणि अगदी स्पष्ट.

"वहिनी, ते कडवं पुन्हा म्हणा. इकडे मागच्यांना नीट ऐकू आलं नाही."