हिराजी घरतांची उल्का

हिराजी घरतांची उल्का सोमवारी पहाटे अलिबागवर सुंदर पडली. पण तसं काही झालंच नाही, असं ठरलं.

हल्ली मेलेल्या माणसाच्या अस्थी अंतराळातून सोडतात. त्या उल्का होऊन जळताना सरकारी कॅमेऱ्यात दिसल्या, तरच माणूस गेला असं धरतात. तोवर बायकोने जेवायचं नसतं. आणि कॅमेऱ्याच्या काचेवर दव साचलं होतं.

"अरे, मी बघितली की! हिरवी, लांबलचक," चार दिवसांच्या उपाशी यमुनाबाई म्हणाल्या.

"मावशी, डोळे सरकारमान्य नाहीत," काच पुसत ऑपरेटर चेऊलकर म्हणाला. "दुसऱ्या अस्थी आणा."

"नवरा एकच होता रे!"

मुलाने तिथेच अर्ज लिहिला. चेऊलकरने त्यातलं 'कैलासवासी' खोडून 'हयात' केलं. मग अर्ज असा झाला: 'माझे हयात वडील हिराजी घरत यांना पुन्हा एकदा जाळण्यात यावे व आईस जेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'