शुगरची वही

डॉक्टरांचे आवाजातले रिपोर्ट ऐकून टाइप कसे करायचे, याचा क्लास वसंतराव अमरावतीत घरच्या हॉलमध्येच चालवत, आणि मापांच्या बाबतीत तिथे कुणाची गय नव्हती. "पॉइंट पाच नाही, शून्य पॉइंट पाच! एकक विसरलात तर पान परत. ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा, पण अंदाजपंचे आकडा ठोकू नका, पेशंटचा जीव जाईल!" स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्यांच्या बायकोला, चारुशीलाबाईंना, हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

मग वसंतरावांनाच शुगर निघाली. घरी मशीनवर रोज तपासा आणि वहीत लिहा, असं डॉक्टरांनी बजावलं. दिवाळी आटोपल्यावर त्यांनी ती वही ऐटीत डॉक्टरांपुढे ठेवली. तारीख, वेळ, आकडा, पुढे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, कुठे खाडाखोड म्हणून नाही. आकडेही कसे गुणी: एकशे चार, एकशे सात, एकशे पाच. डॉक्टर खूश झाले आणि लॅबचा रिपोर्ट उघडून बुचकळ्यात पडले. त्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर भलतीच चढलेली होती.

"लॅबवाल्यांनी दशांशचिन्ह चुकवलं असणार," वसंतराव ठासून म्हणाले. "शिस्तच राहिली नाही कुठे!"

डॉक्टर तपासणी पुन्हा लिहून देणार, तोच शेजारच्या खुर्चीवरून चारुशीलाबाई बोलल्या.



"अवो, त्या लॅबवाल्यायले काहून नावं ठेवून राह्यले? आपल्या मशीनचे सेल त मी पोळ्याच्या सणालेच काढून टीव्हीच्या रिमोटात टाकले."