माडीवरची संथा

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शपथ घेतली असती, पण गंगेला माझी सवय ठाऊक आहे. नव्व्याण्णव साली माझ्या भाचीनं, मैत्रेयीनं, आमच्या रामघाटच्या घरातले दोन संगणक तारेनं जोडले. खाली बसून बटण दाबलं की दुसऱ्या खोलीतही आवाज. माझ्याकडे वेद शिकायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझीच संथा त्यात भरली. संथेत गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा.

एक ओळ लावून थांबवली. माडीवरून ती दोनदा आली, कोवळ्या आवाजात.

चहा पिताना मैत्रेयीला म्हटलं, "मला शिष्य मिळाला!"

ती हसली. "मामा, फेकू नका! माडीवर मी तार नेलीच नाही."

माडीवरून तिचंच वाक्य आलं. दोनदा.